जाळीवरची चिलटं

१

खिंडीच्या चढावर, शेवटच्या वळणाच्या जरा अलीकडे, एक जुनी निळी गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती आणि ती चालवणारा माणूस तीस हात खाली दगडांत पडला होता. चेहरा आणि छाती पोळलेली. रेडिएटरची टोपी पुढच्या चाकापाशी सापडली, टोपीशेजारी ओला टॉवेल. काय झालं ते सांगायला ज्योतिषी नको होता. गाडी उकळली, गृहस्थांना धीर निघाला नाही, टॉवेल धरून त्यांनी टोपी फिरवली, उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर आला, ते तसेच मागे सरकले आणि मागचा कठडा गुडघ्याएवढाही नव्हता. मागच्या सीटवर त्यांची म्हातारी आई आणि धाकटी बहीण बसलेल्या होत्या.

हे सकाळी अकराला झालं. दुपारी तीनला पोलिसांनी मिस्त्रीला उचललं, कारण आदल्याच संध्याकाळी ती गाडी मिस्त्रीच्या गॅरेजातून दुरुस्त होऊन बाहेर पडली होती.

मिस्त्रीची बायको धापा टाकत जाळीवाल्या ताईंच्या दुकानात शिरली, तेव्हा ताई एका ट्रकच्या रेडिएटरची गळती डाग देऊन बुजवत होत्या. रेडिएटरमधल्या पातळ नळ्यांच्या पडद्याला धंद्यात जाळी म्हणतात, आणि नवरा गेल्यापासूनची बावीस वर्षं गावातल्या सगळ्या फुटक्या जाळ्या या एका बाईच्या हाताखालून जात होत्या. मिस्त्री त्यांचा धाकटा भाऊ. पाना कसा धरायचा हे त्याला ताईंनीच शिकवलेलं.

"वन्सं, यांना घेऊन गेले हो! यांच्यामुळे माणूस मेला म्हणतात."

ताईंनी आधी हातातला गॅसचा दिवा विझवला. "बस. पाणी पी. नेमकं काय म्हणाले?"

"गाडीत पाणीच भरलं नव्हतं म्हणे. नाहीतर कुठला क्लॅम्प ढिला ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी देतायत मेले!"

क्लॅम्प म्हटल्यावर ताईंनी विझवलेल्या दिव्याची किल्ली पुन्हा एकदा आवळली. सहा वर्षांपूर्वी मिस्त्री एका गाडीच्या पाण्याच्या पाइपवरची ती पट्टी, क्लॅम्प, आवळायला विसरला होता. तेव्हा नुसतं इंजिन गेलं, पण गावाची स्मरणशक्ती अशा बाबतीत फार चांगली असते.

फौजदारांनी त्यांचं बोलणं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, भावासाठी बहिणीची साक्ष म्हणजे उंदराला मांजर साक्ष. मयताच्या बायकोनं फोनवरून तक्रार दिलीय. उद्या संध्याकाळी मी त्याला कोर्टात उभा करणार."

"मी साक्ष देत नाही, साहेब. मी जाळी तपासते. चोरीच्या गाड्या सापडल्या की तुम्हीच मला बोलावता ना? तशी ही तपासू द्या. चूक त्याची निघाली तर मी स्वतः लिहून देईन."

फौजदारांनी अंगणातल्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि सोबत एक हवालदार दिला.

पायऱ्या उतरताना भावजय म्हणाली, "वन्सं, आणि चूक यांचीच निघाली तर?"

ताई अंगणातल्या गाडीकडे चालू लागल्या.

२

"आधी डोळे, मग हात," असं ताईंचा नवरा म्हणायचा. ताई पाठीमागे हात बांधून गाडीभोवती दोनदा फिरल्या. हवालदार स्टुलावर बसून जांभया देत होता.

"हवालदार, इकडे या. बॉनेटच्या आतल्या बाजूला हे हिरवे डाग दिसतात? काचेवर पण आहेत."

"दिसतात की."

"कूलंटचे आहेत, जाळीतल्या पाण्यात घालतात त्याचे. आत पाणी नसतं तर एवढा फवारा आला कुठून? बादलीभर उडालंय."

"म्हणजे पाणी होतं," हवालदार म्हणाला आणि एवढ्याशा अकलेवर खूश होऊन जरा सरळ बसला.

मग ताईंनी क्लॅम्प बघितले. खरं म्हणजे त्यांना आधी तेच बघायचे होते आणि तेच बघायचं धाडस होत नव्हतं. एकूण सहा. प्रत्येक क्लॅम्प घट्ट, आणि प्रत्येकाच्या स्क्रूवर पांढऱ्या रंगाची एक रेघ. सहा वर्षांपूर्वीच्या त्या प्रकारानंतर मिस्त्री प्रत्येक क्लॅम्प दोनदा आवळायचा आणि दुसऱ्यांदा आवळला की रेघ ओढायचा. ताईंनी रेघेवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते, पण हवालदारासमोर त्यांनी ते काही दिसू दिलं नाही.

पाणी होतं, गळती नव्हती. मग उकळली कशाने? पंख्याचा पट्टा ताणलेला होता, पंखा डुगडुगत नव्हता, पाण्याचा पंप हाताने सरळ फिरत होता. इंजिनच्या तेलात पाणी उतरलेलं नव्हतं, म्हणजे गॅस्केटही शाबूत. ताईंनी रेडिएटर सोडवून हातगाडीवरून दुकानात नेला. वरून पाणी ओतलं तर खालून तेवढीच मोठी धार पडली. हौदात बुडवून हवा भरली, एक बुडबुडा आला नाही. जाळीच्या खालच्या चार बोटांत वाळकी चिलटं चिकटलेली होती, ती त्यांनी तशीच ठेवली, कारण पुराव्याचं काही पुसायचं नाही असं हवालदाराने बजावून ठेवलं होतं. टोपी हवेच्या पंपावर लावून बघितली. स्प्रिंग नवी, रबर नवं. शेवटी थर्मोस्टॅट काढला. गरम झालं की पाण्याला जाळीकडे जायची वाट उघडून देणारी ती छोटी झडप. तो स्टोव्हवरच्या पातेल्यात टाकला. पाण्याला उकळी फुटायच्या कितीतरी आधी तो शहाण्यासारखा उघडला.

ताई स्टुलावर टेकल्या.

"काय सापडलं?" हवालदाराने विचारलं.

"काही नाही. सगळं ठणठणीत आहे."

"मग गाडी उकळली कशी?"

तेच तर. भावाची चूक सापडली नव्हती, पण दुसऱ्या कुणाचीही सापडली नव्हती. आणि 'कुणाचीच नाही' हे उत्तर फौजदार घेणार नव्हते.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोठडीच्या गजांतून भावाला बघितलं. एका रात्रीत त्याचे गाल आत गेले होते.

"ताई, क्लॅम्प बघितलेस?"

"बघितले. सहाच्या सहा रेघा आहेत."

तो तोंड फिरवून रडला. ताईंनी त्याला रडू दिलं.

"आता डोळे पूस. काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग."

"वरचा पाइप बदलला. टोपी बदलली. कूलंट नवं भरलं, हवा काढली, अर्धा तास इंजिन चालू ठेवून बघितलं. काटा जागचा हलला नाही, ताई. साहेब स्वतः उभे होते. त्यांना सांगितलंही, म्हटलं, चढावर काटा वर गेलाच तर थांबा, पण गरम टोपीला हात लावू नका. हसले. म्हणाले, गाडी माझ्या वडिलांची आहे, मी तिला लहानपणापासून ओळखतो." त्याने नाक पुसलं. "मग शेवटी जाळी धुतली आणि किल्ली दिली."

"जाळी धुतलीस?"

"धुतोच ना! मागून पुढे, जोराच्या पाण्याने. जुनी चिलटं, माती, सगळी काढली. तूच शिकवलंस की, गिऱ्हाइकाला घाण जाळी द्यायची नाही."

ताई उठल्या. भाऊ मागून हाका मारत होता, पण त्या तोवर रस्त्यावर पोचल्या होत्या.

गावातून खिंडीकडे जाणारा रस्ता सुरुवातीला तळ्याच्या काठाने जातो. ऊन तापायला लागलं की या दिवसांत तिथे चिलटांचे ढग उठतात आणि प्रत्येक गाडीच्या पुढच्या अंगाला त्यांचा लेप बसतो. जाळी आदल्या संध्याकाळी धुतली होती. म्हणजे तिच्यावरचं प्रत्येक चिलट त्या एकाच प्रवासातलं होतं. ताईंनी दुकानातला रेडिएटर उजेडात उभा केला. खालच्या चार बोटांच्या पट्टीत चिलटांचा नुसता खच. आणि त्याच्या वर, सरळ आखल्यासारख्या रेघेच्या वर, एकही नाही. चिलटांना काही वरच्या मजल्यावर जायची बंदी नव्हती.

जाळीपुढे काहीतरी होतं.

काय असणार, हे त्या गावात शाळकरी मुलानेही सांगितलं असतं. थंडीत तिथे सकाळी इंजिनं गारठून बसतात, म्हणून प्रत्येक जण जाळीपुढे पुठ्ठा नाहीतर जाड कापड बांधतो. वारा लागत नाही, इंजिन लवकर तापतं. थंडी संपली की पहिल्या उन्हाला ते काढायचं, हेही प्रत्येकाला ठाऊक असतं, कारण उन्हाळ्यात तसंच ठेवलं तर जाळीला वारा मिळत नाही आणि चढावर गाडी उकळते. या वर्षीची थंडी संपून महिना उलटला होता.

ताई पोलिसांच्या अंगणात गाडीपुढे गुडघे टेकून बसल्या आणि ग्रिलच्या आत हात घातला. जाळीच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याला भोकं होती, आणि वरच्या दोन भोकांत पांढऱ्या सुती नाडीची गाठ मारलेली टोकं लोंबत होती. दोन्ही टोकं कात्रीने सरळ कापलेली.

कुणीतरी जाळी झाकली होती. आणि माणूस मेल्यावर, पोलीस यायच्या आत, कुणीतरी ते झाकण कापून नेलं होतं.

४

खिंडीत सगळ्यात आधी पोचला होता तो क्रेनवाला. बंद पडलेल्या गाड्यांवरच त्याचं पोट, त्यामुळे रस्त्यात खिळे तोच टाकतो असं लोक म्हणायचे. ताईंना बघितल्याबरोबर त्याने कानांवर हात ठेवले.

"ताई, माझ्यावर बोट नको. मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं."

"तुझ्यावर कोण येतंय? काय बघितलंस तेवढं सांग."

"बॉनेट उघडं. वाफ चाललेली. म्हातारी मागे बसून होती, गप्प. त्या धाकट्या बाई गाडीपुढे वाकलेल्या. हाका मारून मारून घसा बसला होता त्यांचा. खाली उतरायला वाट नाही तिथे, आणि वरून बघितलं तरी कळत होतं की माणूस संपलाय." तो थांबला. "मला बघून त्या चटकन सरळ झाल्या. हातात कात्री होती. मला वाटलं, म्हातारीच्या औषधांच्या पेटीतली असेल, भावाला पट्टीबिट्टी करायला काढली असेल."

"भाऊ तर तीस हात खाली होता."

"ते मला रात्री जेवताना सुचलं," क्रेनवाला म्हणाला. "आणखी एक सांगतो. गाडी ओढायला किल्ली फिरवली तर तोंडावर गरम हवेचा झोत. हीटर पूर्ण चालू आणि चारी काचा खाली. आत्ता या उन्हात!"

ताईंनी मान हलवली. इंजिन तापायला लागलं की हीटर लावून थोडी उष्णता गाडीत ओढून घ्यायची, ही त्या चढावरची जुनी युक्ती. म्हणजे गृहस्थांना गाडी तापतेय हे कळलं होतं. थांबायचं सोडून त्यांनी ती रेटली होती.

मयताची बायको आदल्या संध्याकाळीच शहरातून येऊन लॉजवर उतरली होती. नणंदेच्या दारात तिने पाऊल टाकलं नव्हतं. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज धारदार.

"मिस्त्रीवर माझा राग नाही. मी त्याला ओळखतही नाही. माझा नवरा कुणामुळे गेला ते मला कळलं पाहिजे."

"ते निघाले होते कुठे?"

"खिंडीपलीकडे वृद्धांसाठी संस्था आहे. सासूबाईंना तिथे ठेवायचं होतं. त्यांना काही आठवत नाही आता, दिवसरात्र कळत नाही. नणंद एकटी किती वर्षं करणार? तिच्याच भल्यासाठी हे धडपडत होते, आणि ती रुसून बसलेली. आईला नेऊ नको म्हणून आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण केलं तिनं." तिने पदराचा नव्हे, हातरुमालाचा कोपरा पिळला. "निघायच्या आधी यांचा फोन आला होता. चिडले होते. म्हणाले, तासभर उशीर झालाय, आई घरात सापडत नव्हती. शेवटी शेडमध्ये गाडीपाशी उभी दिसली, हात काळे करून. तिनंच मुद्दाम सोडलं असणार आईला मोकळं, उशीर व्हावा म्हणून. तिला हा प्रवास व्हायलाच नको होता, ताई. तुम्ही तिला विचारा."

कारण होतं, संधी होती आणि कात्रीही होती. ताई धाकटीच्या घराकडे निघाल्या. आपल्याला हलकं का वाटत नाहीये, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

५

घरात उकडत होतं. म्हातारी खिडकीशी खुर्चीत बसली होती, अंगात दोन स्वेटर आणि वर शाल.

"दार लावा हो. गारठा येतोय."

ताईंनी दार लावलं. म्हातारीचे हात शालीच्या दशांत गुंतले होते. दोन दशा घ्यायच्या, गाठ मारायची, एक टोक ओढायचं, गाठ सुटायची. मग पुन्हा तेच. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण बोटं मात्र झरझर चालत होती.

"थोरला पोचला का?" तिने विचारलं.

"पोचला असेल, आई," धाकटी म्हणाली. दिवसातून कितीदा तिला हे उत्तर द्यावं लागत असेल, ते तिच्या आवाजावरून कळत होतं. चाळिशीची बाई, पण खांदे वाकलेले. उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या.

"बोटांना काय झालं?" ताईंनी विचारलं.

"दादाला धरायला गेले. वाफ लागली."

"वाफेनं हात पोळला तर मनगटापर्यंत पोळतो. मी बावीस वर्षं पोळून घेतेय, मला माहीत आहे. तुझी नुसती टोकं पोळलीयत. तापलेल्या जाळीला हात लावला की असं होतं."

धाकटीने पट्ट्यांचा हात पाठीमागे घेतला. ताईंनी पिशवीतून एक कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. हवालदाराच्या सहीने आणलेली नाडीची दोन टोकं, गाठींसकट. एकेका भोकाच्या कडेचा पत्रा हवालदाराने कात्रून दिला होता, म्हणून गाठी जशाच्या तशा होत्या.

"ही ओळखतेस?"

धाकटीने नाडीकडे बघितलं, मग खिडकीशी बसलेल्या आईकडे. मग ती उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाहेर चला."

शेडमध्ये, रिकाम्या जागी जिथे गाडी उभी असायची तिथे उभी राहून तिने सांगून टाकलं. "मी बांधलं. आईला नेऊ द्यायचं नव्हतं मला. मला वाटलं, गाडी तळ्यापाशीच तापेल, दादा वैतागून परत फिरेल. तो असा रेटेल हे माझ्या मनातही आलं नाही. मग मी ते कापून दरीत फेकून दिलं." तिने भिंतीला हात टेकला. "चला पोलिसांकडे. तुमच्या भावाला सोडवा. त्याचा काही दोष नाही."

६

फौजदारांच्या खोलीत कागद तयार होत होता. बाहेरच्या बाकावर भावजय आनंदाने रडत होती. सही झाली की तासाभरात मिस्त्री घरी. ताई कोपऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे शालीच्या दशा चालल्या होत्या. गाठ, ओढ, सुटली. गाठ, ओढ, सुटली.

गप्प बसावं, असं त्यांना फार वाटलं. कुणी विचारलं नव्हतं. जिला बोलायचं होतं ती स्वतःच्या तोंडाने बोलली होती, आणि आत गजांमागे त्यांनी वाढवलेला भाऊ बसला होता. पण खोटी जाळी त्यांनी आजवर कुणाला विकली नव्हती.

"साहेब, एक मिनिट. हिला एक नाडी द्या. आणि ही खुर्ची." त्या धाकटीकडे वळल्या. "त्या दिवशी जसं बांधलंस तसं या खुर्चीला बांधून दाखव."

धाकटीचा चेहरा उतरला. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी तिने नाडी खुर्चीच्या दांड्याला गुंडाळली आणि एकावर एक दोन घट्ट गाठी मारल्या, आपण सगळे बोचकं बांधतो तशा.

ताईंनी पुडी उघडली. "आता ही बघा, साहेब. गाडीवरची." त्यांनी गाठीतून बाहेर आलेलं आखूड टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. गाठ सर्रकन सुटली. दुसरी ओढली. तीही सुटली.

फौजदार पुढे वाकले.

"ही सरकगाठ आहे. उन्हं वर आली की हातमोजा न काढता एका झटक्यात सोडता यावी म्हणून मारलेली. जिनं ही बांधली तिला सोडायला कात्री लागली नसती. कात्री लागली ती जिला गाठ माहीत नव्हती तिला. हिनं ते झाकण काढलं, साहेब. बांधलं नाही."

"मग बांधलं कुणी?"

"ताई, तुमच्या पाया पडते," धाकटी म्हणाली. "नका बोलू."

ताईंचा आवाज खाली आला. "हीच गाठ मी आज दुपारी बघितली. शंभर वेळा बघितली. निघायच्या आधी तासभर जी सापडत नव्हती आणि मग शेडमध्ये काळ्या हातांनी सापडली, तिच्या हातात."

धाकटीने खुर्चीच्या पाठीला कपाळ टेकलं.

"बाबा होते तेव्हा रोज संध्याकाळी आईच बांधायची," ती म्हणाली. "तीस वर्षं. त्यांच्या गाडीचं पांघरूण तिनं स्वतः शिवलं होतं. तेवढं एकच काम अजून हातांना येतं तिच्या. मी शेडमध्ये तिचे हात धुतले तेव्हाही मला कळलं नाही. कळलं ते तिथे, दादा पडल्यावर. वाकून बघितलं तर आत तिचे टाके." तिने वर बघितलं. "मला शिक्षा करा, साहेब. मी सही करते. पण हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका. आज सांगितलं तर ती विसरेल, उद्या पुन्हा विचारेल, आणि रोज तिचा मुलगा नव्याने मरेल."

"पांघरूण दरीत फेकलंस?"

"नाही. तिच्या पिशवीत तळाशी ठेवलंय. फेकवलं नाही मला."

फौजदारांनी अर्धा लिहिलेला कागद बाजूला सारला आणि टोपी उचलली. "ते बघितल्याशिवाय मला मिस्त्रीला सोडता येणार नाही," ते म्हणाले.

७

पिशवीत ते नव्हतं.

म्हातारी पलंगावर बसली होती आणि ते तिच्या मांडीवर होतं. जाड राखाडी कापड, दुमडलेल्या कडा, बारीक टाके, आणि पुढच्या बाजूला वाळक्या चिलटांचा लेप. ती एकेक चिलट नखाने खरवडून काढत होती.

फौजदार दारातच थांबले. ताईंनी कापडाची उंची नजरेने मोजली. खाली चार बोटं सोडून बाकीची जाळी बरोबर झाकली गेली असती. आणखी काही बघायचं राहिलं नव्हतं.

"बघा की," म्हातारी ताईंना म्हणाली, "कुणी मेल्यानं नाड्या कापल्यात. चांगल्या नाड्या होत्या."

"कुणाचं आहे हे, आई?"

"गाडीचं. थोरला निघाला होता ना, खिंडीतून. केवढी थंडी तिकडे! आणि त्याला मेलं काही सुचत नाही, नुसती घाई. वडिलांसारखा." तिने आवाज खाली आणला. "त्याला सांगू नका, चिडतो तो. मी हळूच जाऊन बांधलं. त्याला कळलंसुद्धा नाही."

धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. फौजदार खिडकीबाहेर बघत होते, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी खिशातून लेखणी काढली, तशीच परत ठेवली आणि हवालदाराला हळूच म्हणाले, "ठाण्यावर जा. मिस्त्रीला सोडायला सांग. अपघात म्हणून लिहितो."

भाऊ सुटला. ताईंनी ते ऐकलं, आणि त्यांना आनंद व्हायला हवा होता.

म्हातारीने त्यांचा हात धरला. तिची पकड अजून चांगली होती. "तुम्ही त्याच बाजूच्या ना? थोरला पोचला का माझा?"

"पोचला, आई."

"आणि गाडी? गार नाही ना पडली वाटेत?"

या एका प्रश्नाचं खरं उत्तर त्या खोलीत फक्त ताईंनाच नीट ठाऊक होतं.

"नाही, आई," त्या म्हणाल्या. "गाडी जराही गार पडली नाही."

म्हातारीचा चेहरा उजळला. "मग! मी म्हटलंच होतं." तिने उशीखालून सुई आणि दोरा काढला आणि ताईंपुढे धरला. "एवढी सुई ओवून द्या. मला दिसत नाही. नाड्या लावून ठेवते, परत येताना लागतील त्याला."

फौजदारांनी पुरावा ताब्यात घ्यायला हवा होता. ते दारातच उभे राहिले. ताई पलंगाच्या कडेवर बसल्या, उजेडाकडे वळल्या आणि दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. दोरा तिसऱ्या खेपेला सुईत गेला.